एकोणीस जूनची सुट्टी आणि आपली मंडळं

प्रति,
अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य यांस,



मंडळाचं वर्षाचं वेळापत्रक कसं ठरतं ते तुम्हाला मी सांगायला नको. संक्रांत, पाडवा, गणपती, दिवाळी यांच्या तारखा पंचांग आणि सभागृहाचं भाडं बघून लागतात. उन्हाळ्यातली सहल आणि क्रिकेटचे सामने मात्र जिथे सगळ्यांना सुट्टी सापडेल तिथे बसवले जातात. २०२१ पासून अशी एक सुट्टी आपल्याला नव्याने मिळाली आहे, १९ जूनची. जूनटीन्थ. गुलामगिरी संपल्याचा राष्ट्रीय दिवस. त्या दिवशी आपण काय करावं आणि काय करू नये, याविषयी हे पत्र आहे. मी आजीव सभासद आहे, टेक्सासात शुगरलँडला राहते. ही सुट्टी जाहीर झाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. तो अजूनही आहे. पण त्याच्यासोबत एक अस्वस्थता आली, ती वर्षागणिक वाढत गेली आहे, आणि तिच्यात आपल्या मंडळांचाही वाटा आहे म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

आनंद कशाचा, ते आधी सांगते. फोर्ट वर्थच्या ओपल ली या बाईंचा. त्या बारा वर्षांच्या असताना, १९३९ सालच्या १९ जूनलाच, गोऱ्यांच्या जमावाने त्यांचं घर उद्ध्वस्त केलं. कुटुंब गोऱ्यांच्या वस्तीत राहायला आलं, एवढाच गुन्हा. पुढे त्या शिक्षिका झाल्या, आणि एकोणनव्वदाव्या वर्षी, २०१६ साली, ही सुट्टी राष्ट्रीय व्हावी म्हणून फोर्ट वर्थहून वॉशिंग्टनच्या दिशेने चालत निघाल्या. ठिकठिकाणी अडीच-अडीच मैल चालायच्या, कारण टेक्सासातल्या गुलामांना स्वातंत्र्य अडीच वर्षं उशिरा मिळालं. १७ जून २०२१ रोजी राष्ट्राध्यक्षांनी कायद्यावर सही केली तेव्हा त्या शेजारी उभ्या होत्या, वय चौऱ्याण्णव. हे दृश्य बघून ज्याचं मन भरून आलं नसेल त्याच्याशी माझं बोलणं खुंटलं.

आता दुसरी बाजू. ही अडीच वर्षं गेली कुठे? शाळेत मुलांना सांगतात की बातमी उशिरा पोचली. बातमी केव्हाच पोचलेली होती. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ पासून अमलात होता, आणि टेक्सासातल्या मालकांना तो पक्का ठाऊक होता. इतका ठाऊक, की युनियनचं सैन्य जवळ येऊ लागलं तसे इतर राज्यांतले मालक आपल्या माणसांना हाकत टेक्सासात घेऊन आले, कारण इथे तो हुकूम बजावायला सैन्य नव्हतं. यादवी युद्ध संपलं तेव्हा या एका राज्यात जवळपास अडीच लाख माणसं गुलामीत होती. १९ जून १८६५ ला गॅल्व्हेस्टनमध्ये जनरल ग्रेंजरच्या नावाने तिसऱ्या क्रमांकाचा हुकूम निघाला, तो सैन्याच्या जोरावर.

तो हुकूम तुम्ही एकदा पुरता वाचा. मोठा नाही, चार-पाच वाक्यांचा आहे. सुरुवातीला सगळे गुलाम मुक्त झाल्याचं आहे, आणि पूर्वीचे मालक व गुलाम यांच्यात व्यक्तिगत हक्क आणि मालमत्तेचे हक्क यांबाबत संपूर्ण समानता राहील, असंही आहे. पोस्टरवर आणि भित्तिचित्रांवर येतो तो हाच भाग. पुढे मात्र मुक्त झालेल्यांना सल्ला आहे: आहात तिथेच शांतपणे राहा, मजुरीवर काम करा. लष्करी ठाण्यांपाशी जमू नका. रिकामं बसलेल्यांना पोसलं जाणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबलेल्या माणसांना स्वातंत्र्याच्या पहिल्याच दिवशी आळसाविरुद्ध ताकीद! जमीन नाही, अवजार नाही, भरपाई नाही. भरपाई मिळाली ती मालकांना: १८६२ मध्ये वॉशिंग्टन शहरातली गुलामी संपवताना सरकारने एकेका माणसामागे तीनशे डॉलरपर्यंत रक्कम मालकांच्या हातात ठेवली.

मग काय झालं हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पीक येईपर्यंत खायला काही हवं, ते मालकाच्या दुकानातून उधारीवर घ्यायचं. हंगाम संपला की मालकाच्याच वहीत हिशेब, आणि हिशेबाअंती देणं उरलेलंच. आमच्या बीडकडे ऊसतोडीची टोळी मुकादमाकडून उचल घेते, ती फिटेपर्यंत कोयता चालवते आणि पुढच्या वर्षीच्या उचलीत पुन्हा अडकते, त्यातलाच हा प्रकार.

शुगरलँडला राहणाऱ्यांना तर लांब जायची गरजच नाही. आपल्या गावाचं नाव साखरेवरून पडलं. इथल्या ब्रॅझोस नदीच्या काठच्या दलदलीत ऊस व्हायचा, आणि गुलामी गेल्यावर तो तोडायला माणसं मिळेनात. घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी बंद केली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरी घेता येईल अशी एक फट त्यात ठेवली होती. ती फट इथल्या मळेवाल्यांनी रुंद केली. किरकोळ चोरी, भटकेगिरी, असल्या कारणांवरून काळ्या माणसांना पकडायचं, शिक्षा ठोठवायची आणि राज्याने त्यांना मळ्यांना भाड्याने द्यायचं. १८७८ मध्ये तर कनिंगहॅम आणि एलिस या दोघा मळेवाल्यांनी टेक्सासातले सगळेच्या सगळे कैदी भाड्याने घेतले. गुलाम मेला तर मालकाचं नुकसान व्हायचं. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मागवता येत होता. कैदी या भागाला ब्रॅझोसकाठचा नरक म्हणायचे.

२०१८ च्या सुरुवातीला शाळा खात्याच्या नव्या इमारतीचं खोदकाम चालू असताना इथे मानवी हाडं लागली. एकेक करत पंचाण्णव कबरी निघाल्या. सगळ्यांत लहान मुलगा चौदाच्या आसपासचा, सगळ्यांत म्हातारा सत्तरीचा. हाडांना स्नायू जिथे धरतात तिथे अतिश्रमाने झालेल्या खुणा होत्या, वाढीच्या वयात पोटभर न मिळाल्याच्याही होत्या. रेजिनाल्ड मूर नावाचे एक गृहस्थ, एके काळचे तुरुंग-रक्षक, वर्षानुवर्षं सांगत होते की इथे कैद्यांचं कबरस्तान असणार, जपून खणा. खणल्यावर ते खरे ठरले. २०२० मध्ये ते गेले. कबरी आता पुन्हा त्याच जागी आहेत, नव्याने माती दिलेल्या. त्या जागेपासून भारतीय किराण्याची दुकानं गाडीने काही मिनिटांवर आहेत. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आपण साखरेच्या पिशव्या गाडीत टाकतो, ते याच गावात.

पहिल्यांदा त्या कबरींपाशी गेले तेव्हा माझ्या मनात आलं ते बीडच्या फडातल्या बायकांबद्दल. पाठीच्या मणक्यांबद्दल. ऊस तोडणाऱ्याचं शरीर कुठून झिजतं ते मी लहानपणापासून पाहिलेलं आहे, म्हणून त्या हाडांचा अहवाल मला निव्वळ पुरातत्त्व वाटला नाही.

हे सगळं झाल्यावर, आणि होत असतानाही, टेक्सासातल्या काळ्या लोकांनी हा दिवस सोडला नाही. १८६६ पासून साजरा केला. सार्वजनिक जागा मिळेनात, तेव्हा ह्यूस्टनमधल्या मुक्त झालेल्या लोकांनी, रेव्हरंड जॅक येट्स वगैरे मंडळींच्या पुढाकाराने, १८७२ मध्ये वर्गणी काढून दहा एकर जमीन घेतली, केवळ १९ जूनच्या मेळाव्यासाठी. तेच आजचं इमॅन्सिपेशन पार्क. सात वर्षांपूर्वीपर्यंत स्वतःच मालमत्ता म्हणून मोजली गेलेली माणसं, त्यांनी पै-पैसा जमवून सामाईक घेतली ती सण करायला जागा. आपण मंडळवाले वर्गणीतले लोक आहोत. हॉलसाठी, गणपतीसाठी, मराठी शाळेसाठी वर्गणी मागताना काय यातायात होते ते तुम्ही जाणता. म्हणून ही एक गोष्ट तुमच्यापर्यंत पोचेल असं मला वाटतं. पुढे १९२२ ते १९४० ह्यूस्टन शहरात काळ्या लोकांना मुभा असलेली सार्वजनिक बाग ही एकच होती.

माझी अस्वस्थता इथून सुरू होते. दीडशे वर्षं ज्यांनी हा दिवस स्वतःच्या खिशातून चालवला, त्यांना २०२१ मध्ये तो सरकारने दिल्यासारखा झाला. प्रतिनिधिगृहात ४१५ विरुद्ध १४, सिनेटमध्ये एकाचाही विरोध नाही. मतदानाच्या हक्कांचं संरक्षण करणारे कायदे त्याच वर्षी त्याच सिनेटमध्ये अडकून पडले. आणि आपल्या टेक्सासात? राष्ट्राध्यक्षांच्या सहीच्या दोनच दिवस आधी, १५ जूनला, राज्यपालांनी एका कायद्यावर सही केली. वर्गात गुलामगिरी आणि वंशवाद यांच्याबद्दल शिक्षकाने कसं बोलावं यावर त्या कायद्याने बंधनं घातली: या दोन्ही गोष्टी देशाच्या मूळ तत्त्वांपासून ढळण्याचे प्रकार होते, त्याहून वेगळं काही शिकवायचं नाही. म्हणजे १९ जूनची सुट्टी राहील, पण ती कशासाठी हे मुलाला सांगताना त्याच्या बाईंनी शब्द तोलून वापरायचे.

मी इस्पितळाच्या हिशेब खात्यात काम करते. आम्हाला १९ जूनची भरपगारी सुट्टी असते. वॉर्डातल्या मदतनीस, स्वयंपाकघर, सफाई, यांना कामाची पाळी असते, आणि तिथे काम करणाऱ्यांत काळ्या बायका पुष्कळ. त्यांतल्या एकीच्या घरी तिच्या पणजीपासून हा दिवस पाळतात. लाल सरबत, कलिंगड, अंगणात भाजलेलं मांस, आधी चर्च. अनेकदा त्या दिवशी ती कामावर असते आणि मी घरी. मी तिला विचारलं होतं, ही सुट्टी राष्ट्रीय झाली याचं तुला काय वाटतं. तिने सांगितलं, आजी असती तर फार हरखली असती. पुढे ती काही बोलली नाही, कामाला लागली. मीही पुढे विचारलं नाही.

या सगळ्यामुळे ही सुट्टी नको, असं मात्र मी म्हणणार नाही. २०२५ मध्ये नेमक्या १९ जूनलाच राष्ट्राध्यक्षांनी या देशात सुट्ट्या फार झाल्याचं लिहिलं. ते वाचून मला कळलं की ही तारीख कॅलेंडरावर छापलेली असण्याची किंमत किती आहे. छापलेली आहे म्हणून निदान मूल विचारतं, आई, आज सुट्टी कशाची? हवी आहेच ही सुट्टी. पण तिचा उपभोग घेणाऱ्यांत आपण अगदी पुढे आहोत, आणि तिच्या कामात मागे.

मला ठाऊक आहे, तुमच्यातले काही जण म्हणतील की १८६५ मध्ये आपले पूर्वज इथे नव्हतेच, हा त्यांचा इतिहास आहे, त्यात आपण कशाला पडायचं. आपण इथे आलो कसे, ते बघा. १९४६ पर्यंत भारतीयांना इथे येऊन नागरिक व्हायची वाट जवळजवळ बंद होती, आणि त्यानंतरही भारताचा कोटा वर्षाला शंभर माणसांचा. तो मोडला ३ ऑक्टोबर १९६५ ला सही झालेल्या स्थलांतराच्या कायद्याने. त्याच्या आदल्या वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला होता, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदानाच्या हक्कांचा. वंशावरून माणसाची प्रत ठरवणं या देशाला चारचौघांत लाजिरवाणं वाटू लागलं ते काळ्या लोकांनी मार खाऊन, तुरुंग भरून, जीव देऊन तसं करायला लावलं म्हणून. आपल्या मंडळांचे पहिले डॉक्टर आणि इंजिनिअर त्या दारातून आत आले. हा इतिहास आपला नाही, असं आपल्याला म्हणता येत नाही.

आणि आपला त्याहूनही जुना एक धागा आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं, त्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी जो त्याग केला त्याबद्दल. पुण्यात बसून, कधी समुद्र न ओलांडलेल्या माणसाने. ही गोष्ट आपल्याला आवडते. जूनटीन्थच्या सुमारास मराठी ग्रुपांवर ती फिरते, आणि फिरावीच. पण त्या अर्पणपत्रिकेला दुसरा भाग आहे, तो सहसा फिरत नाही. त्यात जोतीराव म्हणतात की माझ्या देशबांधवांनीही या लोकांचा कित्ता गिरवावा आणि शूद्र बांधवांना ब्राह्मणांच्या दास्यातून सोडवावं. अमेरिकेची स्तुती ही त्यांच्यासाठी आपल्या घरातल्या कामाची प्रस्तावना होती. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी सत्यशोधक समाज काढला.

जोतीरावांनी आभार मानले ते मुक्त करणाऱ्यांचे. आज आपल्याला जास्त माहिती आहे. मळे सोडून पळालेल्या माणसांनी आणि युनियनच्या फौजेत भरती झालेल्या सुमारे एक लाख ऐंशी हजार काळ्या सैनिकांनी ते स्वातंत्र्य लढून घेतलं होतं. आणि ज्या वर्षी ‘गुलामगिरी’ निघालं त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने कितीतरी काळ्या माणसांना, त्यातल्या बऱ्याच जणांना शरण आल्यावर, ठार मारलं. पुण्यात हे कळलं असण्याचा संभव कमीच. चार वर्षांत दक्षिणेतल्या कारभारामागचं केंद्राचं लष्करी बळही काढून घेतलं गेलं. जोतीराव ज्यांना आदर्श मानत होते त्यांनी काम अर्ध्यात टाकलं. म्हणून अर्पणपत्रिका खोटी ठरत नाही. पण १९ जूनला ती वाचायची तर दोन्ही टोकांनी वाचली पाहिजे: इथल्या लोकांनी काय अर्धवट सोडलं, आणि आपण काय.

आपल्या बाजूचं अर्धवट इथेही येऊन पोचलेलं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटलने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी ते नामंजूर केलं, सध्याच्या कायद्यांत हे येतंच असं कारण देऊन. दोन्ही वेळेला भारतीय लोक दोन्ही बाजूंना होते. मी बाजू घेते आणि सांगते: कायद्यात जात हा शब्द लिहिला जावा. ज्यांना त्याची झळ लागलेली नाही त्यांनी तो अनावश्यक ठरवू नये. आडनाव विचारून झाल्यावर पुन्हा मूळ गाव, मग कुलदैवत, असे प्रश्न आपल्या जेवणाच्या पंगतींत मी ऐकलेले आहेत, आणि ज्याला विचारले त्याचा चेहरा पाहिलेला आहे.

म्हणून माझं मागणं असं. १९ जूनला सहल, सामने, मनोरंजनाचा कार्यक्रम ठेवू नये. दुसरी तारीख मिळेल. त्या दिवसाच्या नावाखाली आपला स्वतंत्र सोहळाही नको, काळ्या लोकांच्या गाण्याशेजारी आपलं लेझीम लावून केलेली एकोप्याची संध्याकाळ तर नकोच नको. जिथे काळ्या समाजाचे कार्यक्रम होतात, गॅल्व्हेस्टनला, इमॅन्सिपेशन पार्कात, तुमच्या-तुमच्या शहरात जिथे असतील तिथे, त्यांना आधी विचारून पाहुणे म्हणून जावं. मागे बसावं. वर्गणी द्यावी. बोलावलं नाही तर भाषण करू नये. मंडळांच्या मराठी शाळांत त्या आठवड्यात ‘गुलामगिरी’तले धोंडीबा-जोतीबांचे चार संवाद मुलांकडून वाचून घ्यावेत. ते संवादातच लिहिलेलं पुस्तक आहे, मुलांना जमतं. मी माझ्या भाच्यांवर हा प्रयोग केला आहे, धोंडीबाच्या वाट्यासाठी भांडणं होतात. आणि शुगरलँडच्या आसपासच्या मंडळींनी मुलांना त्या कबरींपाशी एकदा न्यावं. तिथे काही करायचं नाही. मोठ्या माणसांनी फक्त तिथे काय झालं ते मुलांना मराठीत सांगायचं. टेक्सासातली ती बंधनं आपल्या रविवारच्या शाळेवर नाहीत.

शेवटचं मागणं मंडळांच्या घटनेबद्दल. आपल्या घटनांमध्ये सभासदत्व आणि पदं यांविषयी जी कलमं आहेत, त्यांत जातीवरून भेदभाव केला जाणार नाही असं स्पष्ट, जात हा शब्द वापरून, लिहिलं जावं. तसं आधीच लिहिलेलं असेल त्या मंडळांचं अभिनंदन, त्यांनी आपलं कलम इतरांना पाठवावं. नसेल तिथे घटनादुरुस्तीचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. आमच्या मंडळात तो मी मांडणार आहे. मसुदा तयार आहे, दोन ओळींचा आहे. सभेची सूचना निघण्यापूर्वी तो सचिवांकडे पोचेल.

आपली,
एक आजीव सभासद
शुगरलँड, टेक्सास